शेजारी बसून ऐकलेलं गाणं

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वेळापत्रकात माझ्या नावापुढे ‘सेवाकार्य आणि सणांचं संगीत’ असा विषय छापलाय. सकाळपासून तुम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळागळती, रक्तदान यांवर बोलताय. त्यानंतर हा विषय जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा वाटू शकतो. पण मला तो तितका हलका वाटत नाही. का, ते सांगतो.

मी पुण्यात एका सेवा क्लबचा सभासद आहे. सगळ्या जातिधर्मांचे लोक त्यात आहेत. दर वर्षी क्लबची दिवाळी पहाट होते. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे ‘वायरी याला कळतात’ असं गृहीत धरून साउंडचं काम माझ्याकडे आलं. मिक्सरमागे बसलेल्या माणसाला गाण्याइतकंच समोरचं सभागृहही दिसतं. कोण कुणाशेजारी बसलंय, कोण उठून चाललंय, कोण ताल धरतंय, हे सगळं तिथून दिसतं. त्यातून जे मनात आलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी थोडा इतिहास. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना एकत्र बसवलं आणि रोटरी क्लब सुरू झाला. हॅरिस लहान गावात वाढलेला होता. शिकागोत त्याची वकिली चालत होती, पण रविवारी कुणाकडे जावं हा प्रश्न होता. तुमच्यातले जे लातूर-परभणीहून पुण्याला येऊन हिंजवडीत नोकरी करतात, त्यांना हा रविवार समजावून सांगायला नको. सुरुवातीच्या सभासदांत हॅरी रगल्स नावाचा छापखानेवाला होता. बैठकीत खुर्चीवर उभं राहून त्याने सगळ्यांना गायला लावलं, असं रोटरीच्या इतिहासात सांगतात. पुढे क्लबांच्या बैठकीत गाणं म्हणायची रीतच पडली. शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं, हा त्यांचा पहिला मोठा सेवाप्रकल्प १९०७ चा. म्हणजे गाणं आधी आलं, स्वच्छतागृह नंतर.

आपल्याकडेही हेच दिसतं. राष्ट्र सेवा दल १९४१ साली उभं राहिलं. त्याचं कलापथक गावोगाव फिरलं आणि त्या गाण्यांनी किती तरी पोरं संघटनेत आली. तसंच लाल बावटा कलापथक. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी ते उभं केलं. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर मैदानं भरायची. या माणसांना काम कमी होतं म्हणून ती गात बसली, असं कुणी म्हणेल का?

तर सेवा आणि गाणं यांचं नातं जुनं आहे. माझा खरा मुद्दा मात्र सणाच्या गाण्याचा आहे. कारण तिथे आपली, मुसलमान तरुणांची, थोडी अडचण होते.

दिवाळी पहाट काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. नरकचतुर्दशीला किंवा पाडव्याला सकाळी लवकर गाण्याचा कार्यक्रम. भूपाळी, अभंग, नाट्यगीत, भावगीत, जुनी हिंदी गाणी. लोक अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून येतात. नंतर फराळ. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांतसुद्धा रोटरी, लायन्स, स्थानिक मंडळं हा कार्यक्रम करतात.

आता त्या मंचावर बघा. गायिकेच्या मागे दोन तंबोरे असतात. ते बहुतेक वेळा मिरजेत बनलेले असतात. मिरजेच्या सतारमेकर कुटुंबांचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. हत्यारांचं काम संपलं तसे ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतातून येतो. म्हणजे विठ्ठलाच्या परिसरातला भोपळा मिरजेच्या मुसलमान कारागिराच्या हातून जातो आणि दिवाळीच्या सकाळी अभंगाला षड्ज देतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

त्याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. उत्तरेतल्या कैराना गावातून आलेल्या या माणसाने किराणा घराणं महाराष्ट्र-कर्नाटकात रुजवलं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. भीमसेनजींच्या अभंगांशिवाय दिवाळी पहाट सहसा पार पडत नाही. खाँसाहेब १९३७ साली गेले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि सर्व धर्मांचे गायक तिथे हजेरी लावतात.

हे सांगितलं की आपल्या सभांमध्ये टाळ्या पडतात. पाठोपाठ कुणी तरी ‘बैजू बावरा’ची आठवण काढतो. १९५२ चा सिनेमा, त्यातलं मालकंसातलं भजन, शब्द शकील बदायुनींचे, संगीत नौशाद यांचं, आवाज महंमद रफींचा. हेही खरं आहे. पण इथेच थांबलो तर आपली फसगत होईल. कारण त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ च्या गणेशोत्सवात स्वागतकमानीवरच्या एका चित्रावरून दंगल झाली. संचारबंदी लागली. तंबोरे बनवणारं गाव, खाँसाहेबांच्या कबरीचं गाव, उरुसातल्या संगीतसभेचं गाव. या वारशाने ती दंगल थांबवली नाही.

मग वारशाचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर असं की वारसा आयता कामाला येत नाही. तो दर वर्षी वापरावा लागतो, आणि वापरायचा म्हणजे एका सतरंजीवर बसायचं.

महाराष्ट्रात संगीतावरून हिंदू-मुसलमानांत भांडणंही झाली आहेत, हे लपवायचं कारण नाही. १८९४ पर्यंत पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने सामील होत. आदल्या वर्षी मुंबईत मोठी दंगल झाली होती. त्यानंतर ताबुतांवर बहिष्काराची हाक आली. त्याच १८९४ मध्ये पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, आणि मशिदीजवळून वाजत-गाजत जाणाऱ्या मिरवणुकीवरून दंगा झाला. ‘मशिदीपुढे वाद्य’ हे दोन शब्द पुढे कित्येक दशकं पोलिसांच्या कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत राहिले. आजही राहिलेत, फक्त वाद्याच्या जागी डीजे आला.

मिक्सरवाला म्हणून एक हिशेब सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहा पटींनी वाढते. डीजेची भिंत सहज १०० च्या वर जाते. म्हणजे मर्यादेच्या तीस हजार पटींहून जास्त तीव्रता. इतक्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. तो आवाज समोरच्या गल्लीवर सोडलेला असतो. आणि हे मी फक्त विसर्जन मिरवणुकीबद्दल बोलत नाही. आपल्या ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये, संदलमध्ये आता काय वाजतं ते आपण सगळे ऐकतो. ज्यांच्या स्मरणार्थ जुलूस काढायचा, त्यांनी शेजाऱ्याच्या हक्काबद्दल काय शिकवलं, हे लाउडस्पीकरच्या भिंतीमागे ऐकू येत नाही.

म्हणून मी संगीताचे दोन प्रकार करतो. एक समोरून अंगावर येणारं, दुसरं शेजारी बसून ऐकलेलं. गाणं तेच असू शकतं. मिरवणुकीत मशिदीसमोर मुद्दाम वाजवलेलं भजन धमकी वाटतं. तेच भजन सभागृहात, ओळखीच्या काकूंच्या शेजारी बसून ऐकलं की भजनच वाटतं. फरक बसण्याच्या जागेचा आहे. आणि ती जागा तयार करण्याचं काम सेवा क्लब चांगलं करू शकतो, कारण तिथे माणसं एकमेकांना आधीच कामातून ओळखतात. ज्याच्यासोबत तुम्ही पुरात गाळ उपसलाय, त्याच्या सणाला तुम्ही पाहुणे म्हणून जात नाही.

आमच्या क्लबातली एक गंमत सांगतो. पहिल्या वर्षी गाण्यांची यादी ठरवायला सहा-सातजण बसलो होतो. एक ज्येष्ठ काका प्रत्येक अभंगाला माझ्याकडे बघून विचारायचे, ‘तुम्हा लोकांना चालेल ना?’ त्यात खोच नव्हती. माणूस मनापासून काळजी घेत होता. पण प्रत्येक ‘चालेल ना’ला आपण थोडे बाहेरचे होतो. मी म्हटलं, ‘काका, मला चालेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याचा ताल एकच आहे, लोक पेंगतील.’ तिसऱ्या वर्षापर्यंत काकांचा प्रश्न बदलला होता. ते विचारायला लागले, ‘तबल्याचा आवाज किती ठेवतोस?’ एवढाच बदल झाला. माझ्या लेखी तो मोठा आहे. सद्भावनेचा ठराव करून तो झाला नसता, तीन दिवाळ्या एकत्र काम करून झाला.

आता तुमच्या मनातल्या शंका. या विषयावर बोललो की तीन तरी हमखास येतात.

पहिली धर्माची. संगीत हराम आहे, मग हे कशाला? मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. उलेमांमध्ये यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत, एवढं मात्र मी सांगू शकतो. चिश्ती सूफींच्या खानकाहांत समा होता. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि अटी घालून वाट मोकळी ठेवली. अनेक विद्वानांनी वाद्यांना विरोध केला, तोही प्रामाणिक होता. आणि बुखारी-मुस्लिममधली ती हदीस सगळ्यांना माहीत असायला हवी. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र यांनी त्यांना हटकलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितलं की त्यांना गाऊ द्या, प्रत्येक समाजाची ईद असते आणि ही आपली ईद आहे. काही विद्वान यातून मर्यादित सवलत काढतात, काही जास्त. तुम्ही ज्यांचं ऐकता त्यांचं ऐका, पण सणाला गाणाऱ्या मुलींच्या अंगावर ओरडायची घाई करू नका, एवढं तर त्यातून निघतंच.

इथे एक रेषा मी स्वतःसाठी आखलेली आहे. ऐकणं वेगळं, पूजा करणं वेगळं. आरतीच्या वेळी मी शांत उभा राहतो, हात जोडत नाही. माझ्या शेजारचा ख्रिस्ती मित्रही तसंच करतो. आमच्यातलाच एक नास्तिक हिंदू मित्र त्या वेळी बाहेर चहा पिऊन येतो. कुणी कुणाला विचारत नाही. तुमची रेषा माझ्यापेक्षा अलीकडे असेल किंवा पलीकडे. ती तुम्ही ठरवा. विवेकाचं स्वातंत्र्य संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेलं आहे. ते सरकारसमोर जितकं लागू, तितकंच आपल्या मित्रमंडळीत पाळायला हवं.

दुसरी शंका जास्त कडू आहे, आणि ती मला पटते. ‘आम्हाला बोलावतात ते फोटोपुरतं. टोपीवाला एक पुढच्या रांगेत बसवायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात ऐक्य.’ हे होतं. आपण दिवाळी पहाटेला जाणं हा देशप्रेमाचा पुरावा होता कामा नये. परीक्षा द्यायला जाऊच नका. पण त्यावर घरी बसणं हा एकच उपाय आहे का? माझा अनुभव असा की पाहुणा म्हणून गेलात तर तुमचा फोटो काढतात. खुर्च्या लावायला, यादी करायला, वायरी ओढायला गेलात तर कुणी फोटो काढत नाही, कामाला लावतात. यजमानाला कुणी ऐक्याचं प्रतीक म्हणून मिरवत नाही.

तिसरी शंका काळाची. पोरं शाळा सोडताहेत, घर भाड्याने मिळत नाही, नाव बघून मुलाखतीचा रंग बदलतो, आणि तुम्ही गाण्याच्या गप्पा मारता? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. गाण्याने यातलं काहीही सुटणार नाही. मात्र हे प्रश्न घेऊन आपण उद्या ज्यांच्याकडे जाणार, ते सोसायटीचे चेअरमन, शाळेचे मुख्याध्यापक, कंपनीतले वरिष्ठ यांनी आपल्याला फक्त निवेदन देतानाच पाहिलंय. निवेदन देणारा माणूस आणि शेजारी बसून ताल धरणारा माणूस एकच आहे, हे त्यांना कळू द्या. निवेदन तरीही द्यायचंच, कडक भाषेत द्यायचं.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या आयटीत सणासुदीला सपोर्टची ड्यूटी लागते. ठरलेलं असतं, दिवाळीला मुसलमान सहकाऱ्याने लॅपटॉप सांभाळायचा, ईदला हिंदू सहकाऱ्याने. हॉस्पिटलांत आणि रक्तपेढ्यांतही असंच चालतं. दिवाळीच्या सुट्टीत रक्ताचा तुटवडा पडतो, तेव्हा आपली पोरं पुढे येऊन रक्त देतात. ही देवाणघेवाण सुंदर आहे, ती चालू ठेवा. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्या. दर दिवाळीला आपण ड्यूटीवर असलो आणि दर ईदला ते, तर एकमेकांच्या सणाला आपण कायम गैरहजर. वीस वर्षं एका टेबलावर काम करून त्यांना शीरखुर्म्याची चव माहीत असते, कारण आपण डबा नेतो, पण ईदच्या दिवशी आपल्या घरात काय गायलं जातं ते माहीत नसतं. म्हणून ड्यूटी अर्धी-अर्धी वाटा. सकाळचे तीन तास मोकळे ठेवा.

आणि आपल्या बाजूने काय? फक्त त्यांच्या पहाटेला जाऊन भागणार नाही. आपल्याकडे ईदला गाण्याची बैठक व्हायला हवी. ईदच्या दिवशी घरात पाहुणे, दावत, धावपळ. म्हणून बासी ईदची संध्याकाळ घ्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लबात आम्ही ती घेतली. हम्द, नात, दोन कव्वाल्या, आणि अमर शेखांचं एक मराठी गाणं. त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत नसलेली गोष्ट घडली. एका सभासदाच्या आईने, कोकणी मुसलमान बाई, लग्नात म्हणायचं कोकणी गाणं माइकशिवाय म्हटलं. मागच्या रांगेतल्या मालवणच्या बाई चटकन म्हणाल्या, ‘अगो, ह्या तर आमच्याकडचाच वाटता!’ मग दोघी माइक आणि कार्यक्रम दोन्ही विसरून गप्पा मारत बसल्या. मी साउंड बंद केला आणि शीरखुर्मा वाटायला गेलो.

आपल्या घरात अशी किती तरी गाणी आहेत. ढोलकावर म्हणायची, मेहंदीच्या रात्रीची, दख्खनीतली, कोकणीतली. दख्खनच्या सूफींनी तर बायकांच्या जात्यासाठी चक्कीनामे रचले होते. ओवी आणि चक्कीनामा एकाच जात्यावर दळलेल्या. ही गाणी आपल्या नानी-दादींबरोबर चालली आहेत. मोबाइल खिशात आहे, या सुट्टीत घरी गेलात की रेकॉर्ड करा.

करायचंच ठरवलं तर काही साध्या गोष्टी. यादी सगळ्यांनी मिळून करा. सभागृह घ्या, रस्ता अडवू नका. उघड्यावर कार्यक्रम असेल तर सकाळी सहाच्या आधी आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, नियम आपल्यालाही आहे. अजान झाली तर दोन मिनिटं थांबा, तसंच शेजारच्या घरी मयत किंवा परीक्षेचं पोर असेल तरी थांबा. बहिणींना मंचावर आणि श्रोत्यांतही जागा हवी, त्यांना घरी सोडायची सोय आधी ठरवा. भाषणं नकोत, ऐक्यावर तर अजिबात नकोत.

यातलं थोडं मोठ्या प्रमाणावरही जमतं, हे आपण पाहिलंय. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईत आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी स्वतःहून जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. सरकारनेही मग २९ तारखेची सुट्टी दिली. दोन मिरवणुका समोरासमोर आल्या नाहीत. चांगलंच झालं, तो समजूतदारपणा होता. पण तिथे आपण एकमेकांच्या वाटेतून बाजूला झालो. शेजारी बसणं ही त्याच्या पुढची पायरी आहे, आणि तिला पोलिसांचा बंदोबस्त लागत नाही.

शिबिर संपेल तेव्हा प्रत्येक तालुक्याच्या गटाने वर्षाचा आराखडा द्यायचा आहे. रक्तदानाची तारीख लिहाल, शिष्यवृत्ती शिबिराची लिहाल. त्याखाली दोन ओळी आणखी लिहा. आपल्या गावातल्या दिवाळी पहाटेच्या तयारीला कोण जाणार, आणि बासी ईदच्या बैठकीचं सभागृह कोण ठरवणार. नावं लिहा. साउंडबद्दल काही अडलं तर मला फोन करा, वायरी मला कळतात.